राहिलेली सुट्टी

तास चालू असताना शिपाई सूचनावही घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला, की मुलींना वेगळं काही सांगावं लागत नसे. कोणीतरी वारलेलं असायचं. कधीकाळी शाळेला देणगी दिलेले कल्याणचे एखादे शेठ, नाहीतर संस्थेच्या मंडळावरचे एखादे नव्वदीला टेकलेले गृहस्थ. मुलींनी त्यांना कधी पाहिलेलं नसे आणि त्यांनी मुलींना. तेव्हा त्यांच्या जाण्याने मुलींनी दुःखी व्हावं ही अपेक्षा जरा जास्तच होती. खाली मान घालून दोन मिनिटं उभं राहायचं, शेजारणीला हळूच चिमटा काढायचा आणि घरी पळायचं, एवढाच त्यांचा शोक. ठाण्याच्या कोपरीतल्या त्या शाळेत चोपन्न सालच्या पावसाळ्यात असे दोन म्हातारे पाठोपाठ गेले होते. सहावीच्या मुली तिसऱ्याची वाट पाहत होत्या असं म्हटलं तर ऐकायला क्रूर वाटेल, पण ते खोटं नाही.

सहावीच्या वर्गशिक्षिका प्रमोदिनीबाई खांबेटे यांना हे पुरतं ठाऊक होतं, आणि त्यांनी त्यावर आपली एक युक्ती काढली होती. मुख्याध्यापक श्रीपादराव सूचना लिहीत ती पल्लेदार. 'कळविण्यास अत्यंत खेद होतो की' इथून निघालेलं वाक्य मृताची विद्वत्ता, दातृत्व आणि साधी राहणी अशी सगळी गावं घेत शेवटाला पोहोचेपर्यंत मुली चुळबुळ करून हैराण होत, आणि नेमकी साध्या राहणीपाशी कोणीतरी खुदकन हसे. म्हणून प्रमोदिनीबाई शेवटची ओळ आधी वाचत. "आज शाळा सोडण्यात येत आहे." मुलींना काय ओरडायचं ते एकदा ओरडून घेऊ देत, मग टेबलावर डस्टर आपटून वरचं सगळं वाचत. ओरडून मोकळ्या झालेल्या मुली मग खरोखरच नीट उभ्या राहत. युक्ती चांगली होती आणि दोन्ही वेळा चालली होती.

तिसऱ्यांदा दगडू शिपाई दारात आला तेव्हा भूगोलाचा तास चालू होता. बाईंचं एक बोट नकाशावर गोदावरीच्या उगमापाशी होतं. ते तिथंच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातात वही घेतली. दगडू काहीतरी सांगू पाहत होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सवयीने नजर खाली गेली आणि सवयीने त्यांनी वाचलं, "आज शाळा सोडण्यात येत आहे."

वर्ग ओरडला. सगळ्यांत वरचा आवाज हेमाचा. हेमाचा आवाज शाळेत प्रसिद्ध होता. लंगडीत गडी बाद झाला की ती ओरडायची, आणि तिकडे ऑफिसात श्रीपादराव दचकायचे. त्या दिवशी तर वर्गाचं ओरडणं संपायच्या आत तिचं दप्तर खांद्याला लागलेलं होतं.

मग बाईंची नजर वहीत वर गेली. या खेपेला सूचना पल्लेदार नव्हती. श्रीपादरावांनाही पल्लेदार लिहिता आलं नसावं. सहावीतली विद्यार्थिनी उत्तरा टिपणीस आज दुपारी वारली, एवढंच लिहिलं होतं.

बाईंनी डस्टर आपटलं नाही. त्यांचा चेहरा पाहूनच वर्ग गप्प झाला. त्यांनी नाव सांगितलं. पुढच्या बाकावरच्या मुली रडायला लागल्या, मागच्या एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. खिडकीजवळच्या बाकावर हेमा होती तशीच उभी होती, खांद्याला दप्तर लावून. त्या बाकावरची तिच्या शेजारची जागा तीन आठवडे रिकामी होती. ती उत्तराची.

उत्तराला विषमज्वर झाला होता. आठवडाभर तिची आशा नव्हती, मग ताप उतरला. शनिवारी प्रमोदिनीबाई तिला पाहून आल्या तेव्हा ती तक्क्याला टेकून मऊ भात खात होती आणि सहामाहीच्या परीक्षेला बसता येईल का म्हणून विचारत होती. धोका टळला असं डॉक्टर स्वतः म्हणाले होते. सोमवारी रात्री ताप उलटला आणि मंगळवारी दुपारी पोर गेली. टिपणिसांचं बिऱ्हाड शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत, तळमजल्यावर होतं. इकडे घंटा झाली की तिकडे ऐकू जायची. संध्याकाळी उत्तराच्या आईसमोर, विमलाबाईंसमोर, जाऊन बसल्यावर प्रमोदिनीबाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, की घंटा ऐकू येते तर मग ती आरोळीही इथे ऐकू आलीच असेल. विमलाबाईंच्या नजरेला नजर न देताच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी हेमा शाळेत आली. रडलेली दिसत नव्हती. पाढे बरोबर म्हणाली, शुद्धलेखनात एक चूक. बाईंना आधी जरा बरंच वाटलं. मुलं सावरतात लवकर, असं शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालंसुद्धा. पण हेमाची आरोळी बंद झाली. लंगडीत ती भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली. घरून शाळेत यायचा तिचा रस्ता उत्तराच्या चाळीवरून होता. तो टाकून ती पार स्टेशनाला वळसा घालून येऊ लागली.

आणि एका सोमवारी दगडूने बाईंना गाठलं. दगडू शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचा.

"बाई, तुमच्या वर्गातली ती हेमा," तो म्हणाला, "काल पायरीवर येऊन बसली हुती. दप्तर घिऊन. म्या म्हनलं, आज ऐतवार हाय पोरी, जा घरला. तर न्हाई गेली. शाळा सुटायच्या वख्तापतुर बसली. मागल्या ऐतवारीबी आल्ती."

बाईंनी हेमाच्या घरी चौकशी केली तर तिथे भलताच प्रकार. हेमाचे वडील विश्राम सावंत कलेक्टर कचेरीत कारकून. आमची हेमा रविवारीसुद्धा शाळेत जाते हे ते कचेरीत चारचौघांना सांगून बसले होते. हेमाची आई शेवंती हिने शेजारणीला ऐकवलं होतं. श्रीपादरावांच्या कानावर गेलं, तेव्हा अशा विद्यार्थिनीचं प्रार्थनेच्या वेळी जाहीर कौतुक व्हायला हवं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोर जळत होती आणि मोठी माणसं उजेड पडला म्हणून खूश होती. प्रमोदिनीबाईंनी श्रीपादरावांना एवढंच सांगितलं, "कौतुक करू नका सर. निदान दिवाळीपर्यंत करू नका." त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं, की श्रीपादरावांनी कारण विचारलं नाही.

बाई राहायच्या डोंबिवलीला. तिथे तेव्हा स्टेशनाबाहेर पडलं की दोनचार रस्त्यांतच गाव संपायचं. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंच्या मते देवाने रविवार निर्माण केला तो धुण्यासाठी आणि सुनेसाठी, आणि त्या दोहोंची ताटातूट त्यांना मंजूर नव्हती. पुढच्या रविवारी सकाळचा स्वयंपाक उरकून बाई ठाण्याच्या गाडीला निघाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "शाळेने काय आता रविवारीही पगार सुरू केला वाटतं." बाईंनी चपला घातल्या आणि निघाल्या.

हेमा पायरीवर बसलेली होती. बाईंना पाहून ती उभी राहिली. बाईंनी तिला तू इथे का, असं विचारलं नाही. दगडूकडून किल्ली घेतली, वर्ग उघडला आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस. नकाशांच्या कडा फाटल्यात. एकटीच्याने ते काम व्हायचं नाही."

दोघींनी मिळून स्टोव्हवर खळ शिजवली. जुन्या धोतराच्या पट्ट्या कापल्या. मुंबई राज्याचा नकाशा जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्या कडेने पट्ट्या चिकटवल्या. दुपार सरली. हेमा दोन-चार शब्द बोलली असेल, तेही खळ घट्ट झाली, पाणी घालू का, एवढंच. बाईंनीही काही काढलं नाही. शिक्षकाच्या पेशात बोलून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याने तोंड उघडावं म्हणून आपलं मिटून बसायला वेगळी धमक लागते, आणि ती प्रमोदिनीबाईंमध्ये होती. त्या गाडी पकडून घरी गेल्या आणि दिवाबत्तीच्या वेळी धुणं धुवायला बसल्या.

त्यानंतर प्रत्येक रविवारी त्या आल्या. दसऱ्याला आल्या, दोन ऑक्टोबरला आल्या. भारत झाला, आशिया झाला, शाईच्या दौती घासून झाल्या. एका रविवारी दौती उन्हात पालथ्या घालता घालता त्यांनी धीर केला.

"हेमा, त्या दिवशी चूक माझी झाली. मी शेवटची ओळ आधी वाचली. वरती काय लिहिलंय ते बघायला हवं होतं मी. तुम्ही ओरडलात ते माझ्यामुळे."

हेमाने मान वर केली नाही. "पण बाई, ओरडले मी."

"सगळ्याच ओरडल्या गं."

"सगळ्यांची ती मैत्रीण नव्हती," हेमा म्हणाली. आणखी एक दौत पालथी घालून म्हणाली, "मला आता सुट्टी नको. कधीच नको."

बाईंच्या हातातली दौत तशीच राहिली. तुझा दोष नाही असं सांगितलं की मूल मोकळं होतं, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. इथे दोष काढून घ्यायला गेलं तर पोर तो घट्ट धरून बसली होती. उत्तरासाठी धरून ठेवण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. हे बाईंना त्या दिवशी कळलं. पण कळून करायचं काय, ते कळेना.

मग दिवाळी आली. दिवाळीच्या सुट्टीत दगडू गावी जाणार, शाळेला तीन आठवडे कुलूप. "दिवाळीची सुट्टी रद्द करता येत नाही का बाई?" असं हेमाने भर वर्गात विचारलं तेव्हा मुली हसल्या. तिला वेड लागलंय म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी शेवंती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा सगळा अभिमान उतरला होता.

"बाई, ती जेवत नाय हो धड," ती म्हणाली. "करंज्या करायला बस म्हटलं तर म्हणता, मला नको दिवाळी. रात्री दप्तर उशाशी घेऊन निजता. माझ्या पोरीक काय झालां? माझ्या हातची जायत का हो ती?"

बाईंनी तिला धीर दिला. खरं तर धीर त्यांनाच हवा होता. त्याच आठवड्यात त्या विमलाबाईंकडे जाऊन आल्या होत्या. विमलाबाई उत्तराच्या परकराच्या घड्या घालत होत्या. घालायच्या, मोडायच्या, पुन्हा घालायच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "सगळ्या मुली येऊन भेटून गेल्या. हेमा तेवढी नाही आली." एवढंच. त्यात राग होता की नुसती चौकशी, ते बाईंना समजलं नाही. तुम्हाला त्या दिवशी काही ऐकू आलं होतं का, हे विचारायला त्यांची जीभ रेटली नाही. हेमाला इथे आणावं असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण आईने ती आरोळी ऐकली असेल, आणि पोरीला दारात पाहून तिच्या तोंडून एखादा शब्द निघून गेला, तर? तो शब्द मग हेमाच्या मनातून जन्मभर निघाला नसता.

सुट्टीआधीचा शेवटचा रविवार. करण्यासारखं काम उरलं नव्हतं. बाईंनी बाकं पुसायला काढली. पुसत पुसत हेमा खिडकीजवळच्या बाकाशी आली आणि उत्तराची जागा पुसताना तिचा हात मंदावला. खांद्याला तिचं दप्तर होतंच. ते ती हल्ली काम करतानासुद्धा उतरवत नसे. तिला तशी उभी पाहिली आणि बाईंच्या डोळ्यांपुढे तो मंगळवार पुन्हा उभा राहिला. तो त्यांनी मनातल्या मनात किती वेळा पाहिला असेल याला गणती नव्हती. पण दर वेळी त्या आरोळीपाशी थांबत होत्या. दप्तरापाशी आज पहिल्यांदा थांबल्या. बाकीच्या मुली अजून जागेवर उड्या मारत होत्या, आणि ही निघालेली होती. ज्याला नुसती सुट्टी हवी असते तो ओरडत बसतो. इतक्या घाईने निघतो त्याला कुठेतरी जायचं असतं.

"हेमा," बाईंनी विचारलं, "त्या दिवशी शाळा सुटल्यावर तू कुठे जाणार होतीस?"

हेमाच्या हातातलं फडकं खाली पडलं. असा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. का ओरडलीस, हे ती स्वतःला रोज विचारत होती. कुठे जाणार होतीस, हे तिने स्वतःलाही विचारलेलं नव्हतं.

"उत्तराकडे," ती म्हणाली.

आणि मग बांध फुटला. रडता रडता, हुंदक्यांच्या मधल्या जागेत जे सांगता आलं ते तिने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी उत्तरा खिडकीतून म्हणाली होती, की आता अंथरुणात बसून खेळलं तर चालेल. हेमाच्या मामाने देवगडहून नवे सागरगोटे आणले होते, तेव्हापासून दोघींचं ठरलेलं होतं. पण रविवारी हेमाच्या घरचे तिला कल्याणला आत्याकडे घेऊन गेले. सोमवारी शाळा. संध्याकाळी काकू लवकर झोपवतात उत्तराला, थोडा वेळसुद्धा बसू देत नाहीत. मंगळवारी सकाळी खिडकी बंद होती. दुपार मोकळी मिळाल्याशिवाय खेळता येणार नव्हतं.

"म्हणून मी प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून देवाकडे सुट्टी मागितली," हेमा म्हणाली. "कोणीतरी मरू दे असं नाही म्हटलं बाई. शपथ, नाही म्हटलं. नुसती सुट्टी मागितली. पण आपल्या शाळेला सुट्टी कशी मिळते ते मला माहीत होतं ना. आणि देवाने दिली."

प्रमोदिनीबाई बाकावर बसल्या. ही एवढीशी पोर सव्वा महिना हे ओझं घेऊन स्टेशनाचा वळसा घालत होती, पाढे म्हणत होती, नकाशांना पट्ट्या चिकटवत होती. त्यांनी तिला ओढून जवळ घेतलं. तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं आणि ती पुरेशी रडेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग पदराने तिचं नाक पुसलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "या शाळेला सुट्टी द्यायचा अधिकार देवाला नाही. तो श्रीपादरावांना आहे. देव स्वतः अर्ज घेऊन आला, तरी ते त्याला सोमवारी या म्हणून सांगतील."

हेमाच्या तोंडून हुंदक्यातच एक चमत्कारिक आवाज निघाला. हसू होतं ते.

"उत्तरा तापाने गेली. तुझ्या मागण्याने ताप उलटत नाही आणि तुझ्या न मागण्याने उतरत नाही. तसं असतं तर आम्ही सगळ्यांनी काय कमी मागितलं होतं? मी रोज मागत होते ती बरी होऊ दे म्हणून." इथे बाईंचाही आवाज हलला. त्यांनी तो सांभाळला. "पण एक आहे हेमा. ती सुट्टी तू ज्याच्यासाठी मागितलीस, ते राहूनच गेलंय. तुला उत्तराकडे जायचं होतं. तू अजून गेलेली नाहीस."

"आता तिथे कोण आहे?"

"तिची आई आहे."

हेमाने खाली पडलेलं फडकं उचललं. "काकूंनी ऐकलं असेल," ती म्हणाली. म्हणजे तीसुद्धा तेवढ्यासाठीच वळसा घालत होती.

इथे खोटं बोलणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "असेलही. मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, मलाही भीती वाटते. पण आपण दोघी जाऊ. काय बोलायचं ते तुझं तू बोल. मी तुझ्यामागे उभी आहे."

शाळेच्या दारातून चाळीपर्यंत जायला असा किती वेळ लागतो. हेमाने एकदा मागे वळून बाई आहेत ना ते पाहिलं. चाळीत घरोघरी चकलीचा वास सुटला होता, टिपणिसांच्या दाराशी तेवढा नव्हता. दार उघडं होतं. विमलाबाई उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. दोघींना पाहून त्यांचा हात सुपातच राहिला.

हेमा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दप्तरात हात घालून तिने सागरगोटे काढले आणि मुठीत धरून ठेवले. सव्वा महिना ते दप्तरातच होते.

"काकू," ती म्हणाली, "त्या दिवशी शाळेत मी ओरडले होते. सुट्टी मिळाली म्हणून. मला माहीत नव्हतं."

"ऐकलं होतं मी," विमलाबाई म्हणाल्या.

प्रमोदिनीबाईंनी मागून हेमाच्या खांद्यावर हात ठेवला. आपण केलं ते चुकलं असं त्यांना त्या क्षणी वाटून गेलं.

विमलाबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या हळूहळू, आठवत आठवत बोलत होत्या. "आजारात ती मधल्या सुट्टीला कान लावून पडायची. तुमचा गलका सुरू झाला की म्हणायची, 'आई, ऐक, ही हेमा.' मला कधी ओळखू यायचं नाही गं. सगळ्या पोरींचा आवाज मला सारखाच. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, सगळे रडतायत, मला काही ऐकू येत नव्हतं. आणि तुझा आवाज आला. मला ओळखू आला. मला वाटलं, शाळा सुटली, हेमा निघाली. आता येईल. लोक घाई करत होते तिला न्यायची. मी म्हटलं, थांबा जरा, तिची हेमा येतेय."

त्यांनी हात पुढे केला.

"एवढा वेळ का लावलास गं?"

हेमा उंबरा ओलांडून आत गेली. सागरगोटे मुठीतून सुटून फरशीवर घरंगळले. विमलाबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि दोघीजणी रडल्या. उत्तराची आई माणसांसमोर अशी त्या दिवसापासून रडली नव्हती, असं पुढे चाळीतल्या बायका सांगत. बाई दाराबाहेरच उभ्या होत्या. थोड्या वेळाने विमलाबाई आतून म्हणाल्या, "बाई, तुम्ही जा. तिला संध्याकाळी मी पोचवीन घरी. आज इथेच राहू दे तिला."

आता तिथे प्रमोदिनीबाईंचं काही काम नव्हतं. त्या स्टेशनावर आल्या. दुपारची वेळ, फलाट ओस पडलेला, डोंबिवलीच्या गाडीला अवकाश होता. त्या बाकावर बसल्या. इतके रविवार त्यांनी हेमाचा चेहरा वाचण्यात घालवले होते, तिच्या आईला धीर दिला होता, श्रीपादरावांना गप्प केलं होतं, सासूबाईंचं ऐकून घेतलं होतं. उत्तरा त्यांच्याही वर्गातली होती. तक्क्याला टेकून मऊ भात खात तिने परीक्षेचं त्यांनाच विचारलं होतं, आणि बसता येईल हो, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्यासुद्धा. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि गाडी येऊन, थांबून, निघून गेली तरी त्या रडत राहिल्या.